खरवडलेली जीभ

दयानंद परबाच्या हातातून अकरा वर्षांत पोत्यांनी मीठ गेलं असेल, पण त्यातली एक चिमूट कधी चुकली नव्हती. मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या त्या पांढऱ्या व्हिलात एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीची सत्तावीस माणसं राहायची. बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, चार-पाच पुण्याकडची, आणि सगळीच्या सगळी दयानंदच्या हातचं जेवायची. बांगड्याच्या आमटीत तिरफळं किती आणि कधी टाकायची यावर तो कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. कुणी सुचवायला गेलंच तर म्हणायचा, "जेवचा असात तर जेवा, नायतर मॉलात जावन पिझ्झो खावा." मॉलात कुणी जायचं नाही.

आणि २०१६ च्या जानेवारीत या माणसाची चव गेली.

एकदम गेली नाही. आधी चहातली साखर कळेनाशी झाली. मग आंबट गेलं. मग एका सकाळी सोलकढीचा घोट घेतला तर तोंडात नुसतं गार पाणी. वास सगळे यायचे. फोडणी जळाली तर तो बाहेरच्या गेटपासून ओरडत यायचा. पण जिभेवर काही ठेवलं की जीभ आपली गप्प. दयानंद घाबरला. आयुष्यात दुसरं काही न येणारा माणूस, आणि जे येत होतं तेच हातचं निसटायला लागलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. सकाळी जीभ साफ करायची स्टीलची पट्टी असते ना, ती तो दिवसातून चार वेळा चालवू लागला. वर काहीतरी साचलंय, ते खरवडून काढलं की खालची चव मोकळी होईल, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं. जीभ लालभडक झाली, गरम चहाने भाजायला लागली. चव आली नाही.

मग अंदाजाने स्वयंपाक सुरू झाला. एका शुक्रवारी सुरमईच्या आमटीत मीठ दोनदा पडलं, पुढच्या आठवड्यात उसळीत पडलंच नाही. एरवी आमचा कोकणी माणूस सख्ख्या सासऱ्याच्या घरी माशाला नावं ठेवल्याशिवाय पाटावरून उठत नाही. पण इथे सगळेच एकाएकी सभ्य झाले. लबनचे, म्हणजे तिथल्या ताकाचे, ग्लास रिचवले, गप्प उठले, आणि वर जाऊन त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढला. त्यात दयानंद सोडून सगळे होते. मेसचा सेक्रेटरी कौशिक, पुण्याचा इंजिनिअर, स्वभावाने भला, त्याने ऑफिसला अतिशय सौम्य भाषेत ईमेल पाठवला. ऑफिसने त्याहून सौम्य उत्तर दिलं: नवा कुक येतोय, परब यांनी महिन्याअखेर राजीनामा द्यावा.

हे दयानंदला कळलं ते धाकट्या भावाकडून. सागर त्याच कंपनीत पिकअप चालवायचा.

"दादा, सही कर आणि सूट," सागर म्हणाला. "इब्रीत एक वळखीचो हाटेल काढता. मी तुजा नाव घातलंय. हय भांडत बसलंस तर तोय हातचो जायत."

"माज्या जिभेक काय झाला ता माका आधी कळूक व्हया," दयानंद म्हणाला. "ता कळल्याबगर मी खय जाणार नाय. इब्रीक नाय आणि घराक पण नाय."

कंपनीच्या दवाखान्यात तो जाऊन आला होता. तिथल्या डॉक्टरने जिभेवर टॉर्च मारून 'सब नॉर्मल, उमर है, टेन्शन मत लो' असं सांगून बी-कॉम्प्लेक्स दिलं होतं. उमर म्हणजे अठ्ठेचाळीस. बौशरला मसाले आणायला जाताना मात्र त्याने एक पाटी पाहून ठेवली होती. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर चिनी दवाखाना, आणि काचेवर भलीमोठी जीभ रंगवलेली, तिचे वेगवेगळ्या रंगांचे भाग पाडलेले. जिभेचं दुखणं जिभेवाल्याकडेच न्यायचं, एवढा सरळ विचार करून शनिवारी सकाळी तो सागरला घेऊन तिथे गेला. जाताना त्याने जीभ दोनदा खरवडली. डॉक्टरपुढे घाणेरडी जीभ कशी काढायची?

डॉक्टर फान साठीच्या होत्या, बुटक्या, केस कातरलेले, इंग्रजी मोजकं. त्यांच्या शेजारी गुलबानू बसायची. मस्कतच्या जुन्या मत्रह भागातली, घरात कच्छी बोलणारी, पण हिंदी अस्खलित. पेशंटची हिंदी ती डॉक्टरांना इंग्रजीत सांगायची आणि डॉक्टरांचं इंग्रजी हिंदीत आणायची.

दयानंदने जीभ काढली. डॉक्टर फाननी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हू क्लीन धिस?"

"मैंने," दयानंद अभिमानाने म्हणाला. "दिन में चार बार."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्या बराच वेळ बोलल्या आणि गुलबानूने हसू दाबत सांगितलं, "भाई, डॉक्टर कहती हैं, जीभ के ऊपर जो परत जमती है उसी को देखकर वो बीमारी समझती हैं. पतली है, मोटी है, पीली है, किधर है किधर नहीं. तुमने पाटी पोंछ दी, अब पूछते हो क्या लिखा था. चार दिन जीभ को हाथ नहीं लगाना. बुध को सुबह आना, चाय-कॉफी कुछ पिए बगैर."

दयानंद चमकला. चार दिवस जीभ न घासता चुलीपुढे? पारोशा तोंडाने सत्तावीस माणसांच्या अन्नाला हात? त्याच्या आईने जन्मभर आंघोळीआधी पाण्याच्या हंड्याला बोट लावलं नव्हतं. "ये अपने से नहीं होगा," त्याने सांगून टाकलं.

"देन गो," डॉक्टर फान म्हणाल्या. "क्लीन टंग, आय कॅन नॉट रीड."

दारापर्यंत जाऊन तो थांबला. सत्तावीस जणांनी आतापर्यंत त्याला गोड बोलून फसवलं होतं. ही पहिली बाई, जिने तोंडावर 'जा' म्हटलं. तो परत फिरला. "दाँत घिसा तो चलेगा क्या, पूछो उनको," तो गुलबानूला म्हणाला.

दात चालतील, चूळ चालेल, जीभ नाही. असा तह झाला.

ते चार दिवस दयानंद स्वयंपाकघरात तोंड मिटून वावरला. कुणी काही विचारलं तर मानेने उत्तर. पोरांना वाटलं काका रुसलेत, म्हणून त्यांनी अजूनच लांबून जायला सुरुवात केली. त्याला स्वतःची शिसारी येत होती. पण पट्टी त्याने डब्यात घालून डबा सागरच्या खोलीत ठेवायला दिला होता.

बुधवारी डॉक्टर फान जीभ पाहून खूष झाल्या. खिडकीच्या उजेडात नेऊन त्यांनी टोक पाहिलं, कडा पाहिल्या, मागचा भाग पाहिला, वहीत चित्र काढलं. मग टेबलावर एक छोटी उशी ठेवली आणि मनगट मागितलं. दयानंदने उजवा हात पुढे केला. त्यांनी तो तपासला आणि डावा मागितला.

"डावो बायकांचो बघतत," दयानंद सागरला म्हणाला. त्याच्या गावचे वैद्य तसंच करायचे.

"बोथ," डॉक्टर म्हणाल्या.

तीन बोटं मनगटावर ठेवून त्या डोळे मिटून बसल्या. आधी हलकी, मग जरा दाबून, मग हाडापर्यंत. भाताचं शीत शिजलंय का ते बोटात धरून पाहावं, तशी त्यांची बोटं एकेक करून दाबत होती. दोन मिनिटं गेली, तीन गेली. सागर खाकरला, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच दुसरा हात वर केला. एवढा वेळ कुणी आपला हात धरून बसल्याचं दयानंदला आठवत नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. झोप कशी आहे? थंडी वाजते की उकडतं? घाम कधी येतो? तहान? शौचाला कसं होतं, रात्री किती वेळा उठावं लागतं? गुलबानू विचारायची आणि दयानंदने तोंड उघडायच्या आत सागर उत्तर द्यायचा.

"नींद अच्छा. सब नॉर्मल. पेट भी नॉर्मल."

"उठते वक्त आँखों के सामने अंधेरा?"

"नहीं, नहीं."

"कोई दवाई चालू है?"

"कुछ नहीं. क्रोसिन भी नहीं लेता है."

सागर काही वाईट माणूस नव्हता. दयानंदला आठ वर्षांपासून बीपी होतं आणि ते कंपनीला ठाऊक नव्हतं. हे कुठे फुटलं, बौशरहून अमेरातला पोचलं, तर इब्रीचा हॉटेलवालाही व्हिसा काढणार नाही, ही त्याची धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो येताना गाडीत दोनदा म्हणाला होता. पण ताकाला जाऊन भांडं लपवलं तर ताक घ्यायचं कशात, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टर फाननी बोटं उचलली आणि सागरकडे पाहिलं. "नॉट युअर हँड," त्या म्हणाल्या.

गुलबानूने त्याचं भाषांतर केलं नाही. मग डॉक्टरांनी दयानंदला उभं राहायची खूण केली. तो उठला आणि खोली गरकन फिरली. टेबलाची कड धरून तो कसाबसा खाली बसला.

"धिस हँड व्हेरी वीक, व्हेरी डीप," डॉक्टर सागरला म्हणाल्या. "यू से नॉर्मल. हँड से नॉट नॉर्मल. हँड डझ नॉट लाय."

दयानंदला आतून काहीतरी चढत आलं. नुसता राग नव्हता तो. दोन महिन्यांची भीती होती, आणि आपल्याविषयी सगळीकडे बोललं जातंय पण आपल्याशी कुणीच बोलत नाही, याची लाज.

"सागर, भायर जा."

"दादा, मी तुज्या बऱ्यासाठीच सांगतंय..."

"माज्या बऱ्यासाठी सत्तावीस जण माज्या पाठीमागे बोलले. आता तू माज्या तोंडासमोर माज्या जागेर बोलतंस! नाडी माजी, जीभ माजी, पोट माजा. माका इंग्लिश येणा नाय म्हणून मी मुको नाय. भायर जा म्हणतंय ना!"

सागर गेला. दयानंदने खुर्ची गुलबानूच्या बाजूला सरकवली आणि सांगायला सुरुवात केली. मोडक्यातोडक्या हिंदीत, न लाजता. रात्री तीनदा उठतो. सकाळी डोळ्यांपुढे काळोख येतो, एकदा चुलीवर पडता पडता वाचला. हातपाय गार पडतात. शौचाला तिसऱ्या दिवशी होतं. परवा कणीक मळताना रडू आलं, का ते कळलं नाही. आणि बीपी आहे. आठ वर्षं आहे.

"गोली?"

त्याने शर्टाच्या खिशातून दोन पाकिटं काढली. एक पांढऱ्या गोळ्यांचं, एक पिवळ्या. गोळ्या गावाहून यायच्या. बायको सरिता कणकवलीत घ्यायची आणि मस्कतला येणाऱ्याच्या बॅगेत द्यायची. पांढरी जुनी. नोव्हेंबरात दुकानात ती मिळेना म्हणून ही पिवळी मिळाली, तीही सहा महिन्यांची एकदम आली. पण पांढरीचा चार महिन्यांचा साठा अजून शिल्लक होता.

"तो अभी कौन सी खाते हो?" गुलबानूने विचारलं.

"दोनों," दयानंद म्हणाला. "पुराना खतम होने तक."

गुलबानू बघतच राहिली, तसा तो चिडला. परदेशात राहणाऱ्याला विचारा! एखादा माणूस स्वतःचे आंबे कमी करून बॅगेत जागा करतो आणि आपली गोळी आणतो. ती गोळी कचऱ्यात कशी टाकायची? संपेपर्यंत खायची, नवीही सुरू करायची, दोन्ही आणणाऱ्यांचा मान राहतो.

गुलबानूने चष्मा लावला. पाकिटांवरची मोठी नावं वेगळी होती. त्यांच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत जे लिहिलं होतं ते तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. "सेम," ती म्हणाली. "दोनों एक ही दवाई है, भाई. तुम डबल खा रहे हो. तीन महीने से."

डॉक्टर फाननी वही मिटली. सुया नाहीत, काढा नाही, त्यांनी सांगितलं. आधी हॉस्पिटल. दोन्ही पाकिटं दाखवायची, उद्याच्या उद्या. असल्या गोळीने काही लोकांची चव जाते. परत येईल का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. "मे बी. स्लो. अँड टंग, लीव्ह अलोन."

खाली सागर पिकअपला टेकून उभा होता. "सगळा सांगितलंस?"

"सगळा."

"हात दाखवून अवलक्षण केलंस, दादा."

"केलंय. मूठ झाकून झाकून हात आखडलो माजो," दयानंद म्हणाला आणि गाडीत बसला. "चल. उद्या हॉस्पिटलात पण मीच बोलतलंय."

गुरुवारी हॉस्पिटलमध्ये बीपी इतकं खाली निघालं की नर्सने पट्टा सोडून पुन्हा बांधला. तिथल्या डॉक्टरने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली, ती गोळी बंद केली, वेगळी लिहून दिली आणि सांगितलं की चव बहुधा येईल, काही आठवडे लागतील. दयानंदने ते सगळं कागदावर मागून घेतलं. काम करू शकतो, हे सुद्धा.

शुक्रवारी जेवायला ऑफिसचा जमाल आला. व्हिसाची, लेबर कार्डांची सगळी कामं तोच बघायचा. ओमानी माणूस, पण तिरफळाच्या आमटीसाठी महिन्यातून एकदा हमखास हजर. आज त्याच्या हातात कागद होता.

"दयानंद, सही करो. खलास. इज्जत से जाओ."

हॉलमध्ये सतरंज्यांवर सत्तावीस ताटं मांडली होती. दयानंदने आमटीचं पातेलं मधोमध ठेवलं, बाजूला मिठाचा डबा ठेवला, हात पुसले आणि कागद कौशिकच्या हातात दिला.

"कौशिकसाहेब, यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

कौशिकने घसा साफ केला. "मी, दयानंद परब, माझ्या स्वतःच्या मर्जीने..."

"थांबा. मर्जी माझी, आणि लिहिली कुणी?"

कौशिकने कागद खाली केला. त्याचे कान लाल झाले होते.

"आता मी सांगतो," दयानंद म्हणाला. "माझी चव गेलीय. दोन महिने मी तुम्हाला ते सांगितलं नाही, ते माझं चुकलं. आमटी बिघडलीय हे तुम्ही मला सांगितलं नाही, ते तुमचं चुकलं. वेगळा ग्रुप काढून एकमेकांना सांगत बसलात! मला बीपी आहे. आठ वर्षं आहे. गोळी डबल खाल्ली, तिने चव गेली. आता ती बंद केलीय. हा हॉस्पिटलचा कागद. चव येईल तेव्हा येईल. पण मी माझ्या मर्जीने जात नाही. माझी मर्जी या चुलीपुढे उभं राहायची आहे."

जमालला त्याने तेच हिंदीत सांगितलं. जमालने हॉस्पिटलचा कागद सावकाश वाचला. "बीपी? पहले क्यों नहीं बोला?"

"बोलता तो आप रखता?"

जमालने हॉस्पिटलचा कागद त्याला परत दिला.

"अभी बोला. भेजना है तो भेजो. लेकिन कागद में लिखो, आदमी बीमार पड़ा इसलिए निकाला. नीचे कंपनी का मोहर मारो. मैं इधर ही सही करता हूँ."

जमालने पेनाचं टोपण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. असलं वाक्य त्याच्या मॅनेजरने लिहिलं नसतं, आणि त्यालाही ते लिहायचं नव्हतं. शेवटी त्याने कौशिककडून राजीनामा घेतला आणि घडी घालून अंगातल्या पायघोळ दिशदाशाच्या खिशात ठेवला. "दो महीना," तो म्हणाला. "उसके बाद देखेंगे. लेकिन नया कुक इतवार को आएगा. उसका व्हिसा लग गया."

"यल्ला, आने दो. नमक चखने को कोई तो चाहिए."

वाढप झालं. दयानंदने आज अंदाज केलाच नव्हता. आमटीत मीठ अजिबात घातलं नव्हतं, आणि ते त्याने सांगितलंही. सगळे खाली मान घालून जेवायला लागले. पहिला घास, दुसरा घास. मिठाच्या डब्याकडे कुणाचा हात जाईना. सागर जाईना, कौशिक जाईना, दयानंदचं बोलणं ऐकताना रडवेला झालेला रत्नागिरीचा एक फिटर तर आणखी आमटी मागत होता. अळणी आमटी अशी भक्तिभावाने चाललेली पाहून दयानंदचं टाळकं सडकलं.

त्याने डबा उचलला आणि कौशिकच्या ताटासमोर आदळला. "माझी कीव करताय? कुत्रं तोंड लावणार नाही अशी आमटी आहे ती! मीठ घ्या!"

कौशिकने चिमूट घेतली, आमटीत कालवली, भुरका मारला. क्षणभर त्याने दयानंदकडे पाहिलं, नजर खाली वळवायला गेला, पण वळवली नाही.

"अजून लागेल, काका," तो म्हणाला. "आणि आंबटही कमी पडलंय."

दयानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलं नाही.

"मग घ्या ना," तो ओरडला. "आणि पुढच्या शुक्रवारी मीठ मी घालीन. तेव्हाही अस्सं, तोंडावर सांगायचं!"